पाणी खाणारी गाडी

पासली गावच्या चिमाजींनी ऐन उमेदीची सारी वर्षे पुण्यात एका छापखान्याच्या मालकांची गाडी चालवली, आणि तेवढ्या काळात गाडीचे बॉनेट एकदाही स्वतःच्या हाताने उघडले नाही. यात आळस नव्हता. गाडी चालवणे हे ड्रायव्हरचे काम आणि तिच्या पोटात हात घालणे हे मिस्त्रीचे, अशी त्यांची पक्की समजूत होती. गाडी कुरकुरू लागली की ते ती मालकांच्या नेहमीच्या गॅरेजात लावीत, किल्ली देत आणि बाकावर बसून चहा घेत. संध्याकाळी गाडी बरी होऊन बाहेर येई. तिला काय झाले होते, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि त्यांना कोणी सांगितले नाही.

पुढे मालक थकले आणि छापखाना बंद पडला. जाताना मालकांनी तीच पांढरी डिझेल गाडी चिमाजींच्या नावावर करून दिली. गाडी तेव्हाच जुनी होती. चिमाजी तिला घेऊन गावी आले आणि भातशेतीला लागले. गावात कोणाचे लग्न असो वा कोणाला वेल्ह्याला कचेरीत जायचे असो, ती गाडी हक्काने बोलावली जाई. चिमाजी पांढरा शर्ट घालून, मान ताठ ठेवून ती चालवत. त्यांची पत्नी सखूबाई त्यांना हसत असत. शेतात वाकतात पण स्टिअरिंगवर बसले की यांना कोणीतरी साहेब मागे बसल्यासारखे वाटते, असे त्या शेजारणींना सांगत.

मग सखूबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणे, याला दुसरा उपाय राहिला नाही. एकुलती मुलगी अश्विनी घाटाखाली महाडकडे दिलेली. तिच्या पदरात लहान मुले. तेव्हा जे करायचे ते या दोघांनीच.

एकदा गाडीचे दोन टायर एकदम गेले म्हणून ती दोघे वेल्ह्याहून प्रवासी जीपने निघाली. माणसे दाटीवाटीने बसली होती. वाटेत सखूबाईंना उलटी झाली आणि शेजारच्या बाईच्या पातळावर उडाली. ती बाई काय बोलली, ते साऱ्या जीपने ऐकले. एवढी मरायला टेकलेली माणसे घरात का पडून राहत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. सखूबाईंनी आपल्या पदराने तिचे पातळ पुसून दिले. घरी आल्यावर मात्र उंबऱ्यावर बसून त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितले.

"आपली गाडी नेईल तवर म्या येईन. हिच्यात वकले तरी ती माझी हाय. ती थांबली की म्या बी थांबले. मग मला आग्रह करायचा न्हाई."

चिमाजींनी मान हलवली. बायको रागात बोलते आहे, दोन दिवसांनी विसरेल, असे त्यांना वाटले. पण सखूबाई विसरल्या नाहीत. त्यानंतर गाडी दोन दिवस बंद राहिली तेव्हा त्यांनी खरोखर एक फेरी चुकवली. त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले, आडवे पडले की श्वास कोंडू लागला; पण प्रवासी जीपमध्ये त्या चढल्या नाहीत. तेव्हापासून चिमाजींना बायकोची आणि गाडीची काळजी वेगळी करता येईना. गाडी सुरू होताना जरा जास्त वेळ घेई, तेवढ्यानेही ते मागे वळून बायकोकडे बघत.

अशा स्थितीत दिवाळीच्या सुमारास रेडिएटरमधून पाणी गळू लागले. रेडिएटर म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची जाळीदार टाकी. गाडी गॅरेजला द्यायची तर ती किती दिवस अडकेल, कोणी सांगावे? चिमाजींना जुन्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. सातारा रस्त्यावरच्या ढाब्यांवर ट्रकवाले रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकत. हळद पाण्याबरोबर फिरते, फटीत जाऊन बसते आणि गळती बुजते. वाटेतली वेळ निभावण्याचा तो उपाय होता; मुक्कामाला पोहोचल्यावर ट्रकवाले रेडिएटर उघडून धुऊन घेत. पण हा पुढचा भाग गॅरेजात घडत असल्यामुळे चिमाजींना ठाऊक नव्हता. त्यांनी घरच्या डब्यातली मूठभर हळद टाकली. दुसऱ्या दिवशी गाडीखालची जमीन कोरडी होती. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःच्या हाताने गाडी बरी केली होती. त्या आनंदात त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी एक मूठ टाकली, आणि संक्रांतीच्या आधी आणखी एक. औषध लागू पडले तर थोडे जास्त द्यावे, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

पौषातल्या थंडीत गाडीच्या मागून पांढरा धूर येऊ लागला. पासलीला त्या दिवसांत सकाळी माणसाच्या तोंडातूनही वाफ निघते, म्हणून कोणाला काही वाटले नाही. सायलेन्सरमध्ये दव धरते आणि इंजिन तापले की उडून जाते, असे भावकीतल्या भिमाने सांगितले, आणि ते खरेही होते. पण वेल्हे ओलांडले, ऊन चढले, इंजिन चांगले तापले, तरी आरशात मागचा रस्ता पांढराच दिसे. माघ सरत आला, सकाळचा गारठा गेला. धूर गेला नाही.

विंझरला गोरख नावाच्या तरुण मिस्त्रीचे गॅरेज होते. चिमाजींनी तिथे गाडी दाखवली. गोरख म्हणाला की डिझेल गाडीतून पांढरा धूर येतो तो बहुधा नोझलमुळे. डिझेल नीट फवारले जात नाही, अर्धे कच्चेच बाहेर पडते. हे बोलणे शहाणपणाचे होते. पाणी कमी होते का, असेही त्याने विचारले. चिमाजी म्हणाले की गाडीखाली थेंब पडत नाही. ते खोटे बोलले नाहीत. परंतु दर फेरीला रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावे लागते, हे त्यांनी सांगितले नाही. आपण केलेल्या दुरुस्तीत खोट निघावी, हे त्यांना नको होते. गोरखने नोझल काढून साफ केले. धूर होता तसाच राहिला. पुढे तांब्याची कळशी झाली, आणि गाडीखाली थेंब नसताना एवढे पाणी जाते कुठे, हा प्रश्न चिमाजी मनात येऊ देईनात.

मग एका मंगळवारी गाडी विंझरच्या पुढे आली आणि तापमानाचा काटा वर चढू लागला. सखूबाई मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्या होत्या. शुक्रवारपासून त्यांना दम लागत होता. डॉक्टरांनी दिवसाला मोजके पाणी ठरवून दिले होते. त्यामुळे त्या ओला रुमाल ओठांना लावून तहान मारत. नसरापूर मागे टाकेपर्यंत बॉनेटच्या कडेने वाफ येऊ लागली. महामार्गाच्या फाट्यावर इब्राहीम आतार यांचे गॅरेज होते. चिमाजींनी गाडी तिथे वळवली.

इब्राहीम मूळचे भोरचे. गॅरेजच्या मागेच बिऱ्हाड. त्यांनी काही न विचारता आधी इंजिन बंद करायला लावले. रेडिएटरच्या झाकणाकडे चिमाजींचा हात गेला तो त्यांनी मनगट धरून मागे ओढला. तापलेले झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. गाडी निवेपर्यंत थांबणे भाग होते. चिमाजी घड्याळाकडे पाहू लागले. दवाखान्यात यंत्राची वेळ ठरलेली असे. उशीर झाला की यंत्र दुसऱ्या रुग्णाला देत, आणि मग पुढची पाळी शुक्रवारीच.

इब्राहीम यांच्या पत्नी बानो बाहेर आल्या आणि सखूबाईंना हाताला धरून सावलीत घेऊन गेल्या. चहा पुढे केला तेव्हा सखूबाईंनी दोनच घोट घेतले आणि कप परत दिला. बानोंनी आग्रह केला. सखूबाईंनी कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी आग्रह सोडला. स्वतःचा भरलेला कपही त्यांनी न पिता पलीकडे ठेवून दिला.

गाडी निवाली. इब्राहीम यांनी रेडिएटरचे झाकण उघडले, आत पाहिले आणि बोट फिरवून बाहेर काढले. बोटाला पिवळा, चिकट गाळ लागला होता. त्यांनी तो चिमाजींच्या नाकाजवळ धरला.

"तात्या, हितं काय पिठलं शिजवलं व्हय?"

चिमाजींनी हळदीचे सांगितले. इब्राहीम यांनी किती मुठी, ते विचारले आणि उत्तर ऐकून कपाळ चोळले. त्यांनी पाणी भरले, झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करायला लावले. पाण्यात बुडबुडे येऊ लागले, आणि ते थांबेनात. भात रटरटावा तसे पाणी उसळू लागले. मग ते मागे गेले. धुराला डिझेलचा वास नव्हता, डोळ्यांना तो झोंबत नव्हता. त्यांनी बानोंकडून स्टीलचे ताट मागवले आणि सायलेन्सरसमोर काही वेळ धरले. ताटावर स्वच्छ पाण्याचे थेंब जमले. शेवटी इंजिन बंद करून त्यांनी ऑइल मोजण्याची पट्टी बाहेर काढली. काळे दिसायला हवे ते ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते.

त्यांनी चिमाजींना बाजूला नेऊन समजावले. हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजल्या, पाणी फिरेनासे झाले, इंजिन तापत राहिले. त्या तापाने इंजिनाच्या वरच्या भागाचे, म्हणजे हेडचे, पॅकिंग जळाले. आता पाणी थेट आगीच्या जागी शिरते आणि वाफ होऊन मागून बाहेर पडते. म्हणून खाली थेंब दिसत नव्हता.

"ह्यो धूर न्हाई तात्या. गाडी पानी खातीया. आता हिला चालवायची न्हाई."

चिमाजींनी विचारले की दुरुस्तीला किती वेळ लागेल. हेड उतरवून पुण्याला लेथवर घासून घ्यायला पाठवावे लागेल, तडा गेला नसेल तर आठ-दहा दिवस, गेला असेल तर या जुन्या गाडीचे हेड कुठे मिळेल ते सांगता येत नाही, असे इब्राहीम म्हणाले. स्वतःच्या टेम्पोने दवाखान्यात सोडण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. टेम्पो समोरच उभा होता.

सावलीतून सखूबाईंचा आवाज आला. त्यांनी सगळे ऐकले नसेल, पण टेम्पो हा शब्द ऐकला होता.

"म्या म्हनलं व्हतं तुमास्नी. चला, घरला न्या मला."

चिमाजी त्यांच्याजवळ गेले. ते काय बोलले ते हळू आवाजात बोलले. आजच्या दिवसापुरते ऐक, अश्विनीकडे बघून ऐक, असे ते म्हणत होते. टेम्पोत पुढे एकटीने बसायचे आहे, कोणी काही बोलणार नाही, हेही सांगून झाले. सखूबाई त्यांच्याकडे न पाहता पदराचा काठ सारखा करत राहिल्या. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर चिमाजींना धीर आला असता. रोज थोडे थोडे मरण्यापेक्षा एकदाचे गावात मरावे, असे काहीतरी त्या म्हणाल्या. बानोंनी "आक्का, असं बोलू नगा" म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात सखूबाईंनी झिडकारला नाही; पण उठल्याही नाहीत.

चिमाजी परत आले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की इब्राहीम यांनी हातातला पाना खाली ठेवला. या बाईला आज दवाखान्यात नेले नाही तर ती शुक्रवार पाहणार नाही, आणि ती फक्त याच गाडीत बसते, असे चिमाजींनी सांगितले. तेव्हा पाण्याचे कॅन भरून द्यावेत; गाडीचे काय व्हायचे ते होवो.

"इंजिन धरंल, तात्या, जाग्यावर जाम हुईल. कात्रजच्या चढाला तर न्हाईच जायची."

"धरू द्या. तिच्या देखत फकस्त एवढंच म्हना, काम झालं म्हनून."

इब्राहीम यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी चार कॅन भरून डिकीत ठेवले, एक जाड गोणपाट दिले, काटा लाल पट्टीला टेकायच्या आत बंद करायचे आणि निवल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावले. सखूबाई गाडीत बसताना त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले. चिमाजीच मोठ्याने म्हणाले, "झालं बघ काम. बारकी गोष्ट व्हती." सखूबाईंनी उशी ठीक केली आणि डोळे मिटले.

महामार्गावर लागताच काटा चढू लागला. चिमाजींनी कडेला घेऊन गाडी थांबवली, निवू दिली, पाणी ओतले, पुन्हा निघाले. थोडे अंतर गेले की पुन्हा तेच. मागच्या गाड्या पांढऱ्या लोटातून बाहेर येत आणि हॉर्न वाजवीत पुढे जात. प्रत्येक थांब्याला निवण्याचा वेळ वाढत होता. आयुष्यभर साहेबांना वेळेवर पोहोचवणारा तो माणूस हातात गोणपाट घेऊन झाकणाकडे बघत उभा राही, आणि झाकण काही केल्या निवत नसे. एकदा न राहवून त्यांनी ते लवकर फिरवले. वाफेने मनगट भाजले. त्यांनी बाही खाली ओढून घेतली आणि बायकोला कळू दिले नाही.

शिवापूरच्या अलीकडे गाडी चौथ्यांदा थांबली तेव्हा चिमाजी शेवटचा कॅन ओतत होते. मागचे दार उघडल्याचा आवाज आला. सखूबाई दाराला धरून खाली उतरल्या होत्या. वाहत्या रस्त्याच्या कडेला त्या उभ्या राहिल्या, दम घेतला, आणि एक एक पाऊल टाकत बॉनेटपाशी आल्या. कॅनमधले पाणी घटघट आत जाताना त्या बघत होत्या. त्यांची जीभ नकळत ओठांवरून फिरली.

"किती पाजताय हिला?"

चिमाजींनी कॅन उपडा करून शेवटचा थेंब आत जाऊ दिला. मग त्यांनी सगळेच सांगितले. हळद टाकली ती आपण, वाट लावली ती आपण, काम झाले म्हणालो ते खोटे, आणि आता कॅन संपले आहेत. हे बोलताना ते रडले नाहीत, परंतु हातातला रिकामा कॅन खाली ठेवायचे त्यांना सुचत नव्हते.

सखूबाईंनी विचारले, "हळद किती टाकली?"

"मूठभर. तीन येळा."

"माज्या डब्यातली? आन् म्या शेजारच्या मंगलला बोलत बसले, हळद मागून नेती आन् आनून देत न्हाई म्हनून." त्यांना हसू आले, आणि त्या हसण्याने दम लागला. त्यांनी बॉनेटचा आधार घेतला, तर पत्रा तापलेला. हात मागे घेताना त्यांना नवऱ्याचे मनगट दिसले. बाहीखालून लाल कातडी आणि टरारलेला फोड दिसत होता. त्यांनी बाही वर सरकवली आणि बराच वेळ तिकडे पाहिले.

"आवं, तुमी आता काय करनार व्हता? कॅन तर सपले."

"ढकलत नेली असती," चिमाजी म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. सखूबाईंना ते समजले.

त्यांनी नवऱ्यावरून दृष्टी काढली आणि रस्त्याकडे वळवली. भाजीच्या क्रेट लादलेला एक टेम्पो येत होता. सखूबाईंनी हात वर केला. तो टेम्पो थांबला नाही. दुसराही थांबला नाही. चिमाजी पुढे होऊ लागले, तर सखूबाईंनी त्यांना मागे ढकलले. गड्याने हात केला तर कोण थांबतंय, असे म्हणाल्या. तिसरा थांबला. तरुण चालकाने काच खाली केली आणि आजी, कुठे, असे विचारले. सखूबाईंनी दवाखान्याचे नाव सांगितले, आणि ते सांगून झाल्यावर, आवाज जराही खाली न आणता, पुढचे सांगितले.

"बाबा, मला उलटी व्हती. आधीच सांगते. चालत आसंल तर बसते, न्हाईतर जा पुढं."

तो चालक क्षणभर गोंधळला. मग त्याने शेजारच्या सीटवरचे सामान मागे टाकले आणि एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. टेम्पोची पायरी उंच होती. चिमाजींनी बायकोला कमरेला धरून वर चढवले, तेव्हा तिचे अंग पाण्याने किती जड झाले आहे, हे त्यांच्या हातांना कळले. ते स्वतः तिच्या शेजारी दाटून बसले. पांढरी गाडी महामार्गाच्या कडेला बॉनेट उघडे ठेवून उभी राहिली. किल्ली तिच्यातच राहिली असल्याचे चिमाजींच्या ध्यानात आले. पण त्यांनी टेम्पो थांबवायला सांगितले नाही.

कात्रजचा चढ लागला. सखूबाईंना उलटी झाली, ती त्यांनी पिशवीत घेतली आणि पिशवीला गाठ मारली. चालकाने काच आणखी खाली केली, एवढेच. सखूबाईंनी डोके नवऱ्याच्या खांद्यावर टेकले. दवाखान्यात यंत्र अजून रिकामे असेल का, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. शुक्रवारचे काय, हा विषय चिमाजींच्या ओठांवर दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी भाजलेले मनगट मांडीवर नीट ठेवले आणि समोरच्या गाड्यांकडे बघत राहिले.